शेवटच्या चौदा ओळी

२८ जुलै २००१
'चौकट'चं लेआउट आजपासून माझ्याकडे. आमच्या पॉलिटेक्निकचं पाक्षिक, चार पानं. मागच्या अंकात पान एकवर सात फॉण्ट होते, मोजले. यापुढे दोनच. चार कॉलम, मध्ये पाच मिलिमीटर. कुणाच्या सांगण्यावरून काही हलणार नाही. आणि मजकुराच्या भानगडीत पडायचं नाही. माझं काम मजकूर बसवणं, वाचणं नाही.

३१ जुलै
रूमपार्टनर रूपाली हसली. मी पेपर वाचायच्या आधी पट्टीने मोजते म्हणून. हसू दे.
हॉस्टेलमध्ये तिसऱ्या मुलीला कावीळ. घरी पाठवली. रेक्टर मॅडम म्हणाल्या, पोरी बाहेरची भेळ खातात. पटण्यासारखं आहे. मी बाहेरचं खात नाही. पाणीही मेसच्या फिल्टरचंच.

४ ऑगस्ट, दुपार
प्रियदर्शनी आली. 'चौकट'ची बातमीदार, मुरगूडहून रोज एसटीने ये-जा करते. हॉस्टेलच्या पाण्यावर बातमी लिहिलीय, फ्लॉपी दिली. चौकश्या केल्या म्हणून रेक्टरनी तिला गेटच्या आत बंदी केलीय. सल्लागार मोहिते सरांनी बातमी पास केली, पण अट घातली की छापून येईपर्यंत कुठे बोलायचं नाही. म्हणाली, "पंधरा तारखेला पोरींच्या हातात पडलंच पायजे, न्हाईतर आनि चार जनी आडव्या हुतील." पुढे सांगायला लागली, मी थांबवलं. डिझायनरने मजकुराबद्दल मत बनवू नये. जाताना म्हणाली, "डिझायनर बाई, निदान वाच तरी की!"
मोजली. ६२ ओळी. पान एकवर बसते.

८ ऑगस्ट
मोहिते सरांना प्राचार्यांचा वृक्षारोपणाचा फोटो पान एकवर तीन कॉलम हवाय. स्पष्ट सांगितलं, कॉलमांचं ग्रिड मोडतं. सर म्हणाले, मोडू दे.
दोन कॉलमच्या वर एक मिलिमीटर देणार नाही.

९ ऑगस्ट
फोटो तीन कॉलम. निर्णय माझा. मोठ्या फोटोने पानाला वजन येतं.

११ ऑगस्ट
सकाळी फिल्टरवर बाटली भरत होते. मेसच्या चिमणाबाई मावशी चुलीपासून ओरडल्या, "थांब की जरा, उकाळून देतो." घाई होती, नको म्हटलं. मावशी काही तरी बोलणार होत्या, पण दारात रेक्टर मॅडम आल्या आणि त्या वळून भाकरी थापायला लागल्या.
लॅब. प्रियदर्शनीच्या बातमीखाली लाल त्रिकोण. पेजमेकरमध्ये त्याचा अर्थ, मजकूर उरलाय, जागा संपलीय. १४ ओळी जास्त. कारण फोटो. उपाय सोपा. जानेवारीच्या वर्कशॉपमध्ये शिकवलंय: बातमीत महत्त्वाचं वर असतं, जागा कमी पडली की खालून कापा. कापल्या. पूर्णविरामावर तुटलं, पान घट्ट बसलं. फार बरं वाटलं.
प्रियदर्शनीला विचारता आलं असतं. पण ती दोनच्या गाडीने गेली होती. आणि नियम असला की विचारावं लागत नाही.

१३ ऑगस्ट
प्रेसवर पानांचं ट्रेसिंग दिलं. प्रेसचे दादासो ते उजेडाला धरून वाचत बसले. म्हणाले, "ताई, ही बातमी मधीच तुटल्यागत वाटतीया. पुढं काय झालं म्हनायचं?" मी पूर्णविराम दाखवला. "बरं बाई," म्हणाले, "तुमी शिकल्याली मानसं."
वाचणं हे छपाईवाल्याचंही काम नाही.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर अंक वाटला. मुली मेसमध्ये बसून वाचत होत्या. रेक्टर मॅडमना हॉस्टेलची बातमी इतकी आवडली की बोर्डावर लावली. टाकी १९८४ सालची, क्षमता बारा हजार लिटर, उद्घाटन कोणी केलं, सगळं आहे. रूपाली म्हणाली, पहिल्यांदा पेपर पेपरासारखा दिसतोय. नोंद घेतली.
११.२० ला प्रियदर्शनी कॉलेजच्या पायऱ्यांवर भेटली. अंक उलटासुलटा करून बघत होती. "शेवट कुठाय?" नियम समजावला. तिने अंकाची घडी घातली. मग म्हणाली, "आमच्यात घरातलं कोन गेलं ह्ये सांगायचं असलं तरी आल्याला आधी बसवत्यात, पानी देत्यात, हिकडचं तिकडचं बोलत्यात. मग सांगत्यात. मी तसंच लिवलं."
ही लेखनाची पद्धत नव्हे, हे मी तिला सौम्यपणे सांगितलं.
"ऱ्हाऊ दे," म्हणाली. "आता आत जाऊन येकेकीला सांग. पानी उकाळून प्या म्हनाव. मला गेटवर सोडत न्हाईत."
तोंडी निरोप म्हणजे अफवा. पुढच्या अंकात रीतसर खुलासा देईन, चौकटीत, १८ पॉइंटच्या मोठ्या टाइपात. तसं तिला सांगितलं. ती स्टँडकडे गेली.

१९ ऑगस्ट
खुलाशाची तीन डिझाइन्स केली. दुहेरी चौकट भडक दिसते. एकेरी ठेवली. आत मजकूर अजून भरलेला नाही.
खोली १६ मधली कालपासून उलट्या करतेय.

२१ ऑगस्ट
गणपतीला घरी, इचलकरंजी. मोहिते सरांनी १ सप्टेंबरचा अंक रद्द केला. खुलासा १५ सप्टेंबरला. उशीर माझ्याकडून नाही. आईने विचारलं, एवढी वाळलीस का? कामाचा ताण, म्हटलं.

६ सप्टेंबर
रूपालीचे डोळे पिवळे. एकूण नऊजणी. तिचे वडील शिरोलीच्या फाउंड्रीतून तसेच, काळ्या हातांनी आले. रिक्षात बसताना तिने विचारलं, "पानी वाईट हाय म्हनत्यात. आपल्या पेपरात काय आलंतं का गं? मी सगळं वाचलं होतं. टाकी कवा बांधली तेवढंच होतं."
मी तिची पिशवी आत ठेवली.

७ सप्टेंबर
जुनी फाइल उघडली. लाल त्रिकोण ओढला. चौदा ओळी. पहिल्यांदा वाचल्या.
"जूनमध्ये खोदाईत संडासाचा पाइप फुटला. तो या टाकीला लागून जातो. तेव्हापासून पाण्याला वास येतो. आजारी पडलेल्या तिघीही मेसमधल्या फिल्टरचंच पाणी पीत होत्या. त्या फिल्टरच्या आत मार्चपासून कँडल नाहीत, नुसता डबा आहे. आम्ही झाकण उघडून पाहिलं. मुलींनो, पाणी उकळल्याशिवाय एक घोटही पिऊ नका."
टायपिंगची चूक एकही नाही.

८ सप्टेंबर
चौदा ओळी मोठ्या टाइपात छापून फिल्टरवर चिकटवल्या. चौकट नाही, काही नाही. कागद थोडा तिरका लागला. मेसमध्ये कुणी नव्हतं. सकाळीच हॉस्टेल बंद केलं, उरलेल्या मुलींना घरी पाठवताहेत. चिमणाबाई मावशी भांडी आवरत होत्या. म्हणाल्या, "काय लिवलंय? मला वाचाय येत न्हाई." वाचून दाखवलं. पदराला हात पुसत म्हणाल्या, "ह्ये तर मीच सांगितलं त्या मुरगूडच्या पोरीला. झाकन बी मीच काढून दिलं."

१२ सप्टेंबर
घरी आले. रूपालीला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं. माणसं ओळखत नाही म्हणे.
मला तीन दिवस जेवणाचा वास सहन होत नाही. ताप १०१.२. जागरणाने असेल.

१४ सप्टेंबर
दवाखाना. ही नोंद पडून लिहितेय, अक्षर ओळीत नाही. प्रियदर्शनी मुरगूडहून शहाळं घेऊन आली, शेजारी बसली. डॉक्टरांनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली. विचारलं, पाणी कुठलं पीत होतीस? फिल्टरचं. कधीपर्यंत? सात सप्टेंबरपर्यंत. मग ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, उकळून प्या म्हणून कुणी सांगितलं नाही का?
मी म्हटलं, नाही.
प्रियदर्शनी शहाळ्यात स्ट्रॉ घालत होती. तिने वर पाहिलं नाही.