क्लचवरचा ठोकळा

बाबा,

डबा ओट्यावर आहे, गरम करून खा. ट्रकची किल्ली शोधू नका, ती मी कामावर घेऊन चाललेय.

जुना ट्रक विकायचाय म्हणून जरा नीट करतोय, असं तुम्ही म्हणालात आणि मी मान डोलावली. पाच गिअरचा गिअरबॉक्स आला, पॉवर स्टेअरिंग आलं, ब्रेक बदलले. हायवेवर पळणाऱ्या गाडीला गिऱ्हाईक लवकर मिळतं म्हणे. बरं, तेही पटलं. पण काल मी केबिनमध्ये चढून बघितलं. क्लचच्या पेडलवर लाकडी ठोकळा बसवलाय, अगदी तुमच्या आखूड डाव्या पायाच्या मापाचा. गिऱ्हाइकाचाही डावा पाय आखूड आहे वाटतं?

मेस्त्रींना विचारलं, तर ते मिठाची गुळणी धरून पाना पुसत बसले. म्हणजे तेही सामील!

मी काही दूधखुळी नाही, बाबा. त्या हायवेच्या दुसऱ्या टोकाला कोण राहतं, ते मला ठाऊक आहे. दादाचं तोंड बघणार नाही, ही शपथ तुमची होती, माझी नव्हती.

रविवारी क्लीनरच्या जागी मी बसणार. किल्ली तेव्हाच मिळेल.