नानांच्या नावाशेजारची जागा

१४ एप्रिल २०२५, जळगाव

मी सुकदेव तोताराम बोरसे, वाणिज्य पदवीधर, येथील केळी-निर्यात कंपनीत कार्यालय अधीक्षक. मुलगी सोनल हिच्या अकरावीच्या तयारीची नोंद ठेवणे, एवढाच या रोजनिशीचा हेतू. भावनेच्या भरात निर्णय होऊ नये, म्हणून लिहितो.

सोनलने दहावीची परीक्षा दिली आहे. तिला 'दृश्य संवाद आणि अभिकल्प' हा विषय घ्यायचा आहे. तो जळगावात नाही. धुळ्याच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात आहे. धुळ्यात माझे थोरले बंधू जीवराम नाना राहतात. सख्ख्या भावाचे घर गावात असताना मुलीला वसतिगृहात ठेवणे म्हणजे भाऊबंदांत नाक कापून घेणे. म्हणजे ती नानांकडेच राहणार. म्हणजे नानांचा होकार हवा. तो मी अद्याप मागितलेला नाही.

१६ एप्रिल

विद्यालयाचे सूचनापत्रक आले. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे प्रमाणपत्र – आहे. रेखाटने – भरपूर आहेत. आणि स्वतः आखलेले असे एक काम, जे लोकांनी प्रत्यक्ष वापरले आहे.

"भूषणदादाची पत्रिका!" सोनल ओरडलीच.

भूषण हा नानांचा मुलगा. त्याचे लग्न २३ मे रोजी आहे. पत्नी दिपमाला पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "झालं! आता बापलेक मिळून नानांच्या मांडवाला हात घाला."

तिची भीती निराधार नाही. आमच्याकडे पत्रिकेवर सगळ्यांची नावे लागतात – वडीलधारे, भाऊबंद, मामाकुळ, जावई, अगदी रांगती मुलेसुद्धा. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, यावरून माणसे लग्नाला येतात किंवा येत नाहीत. हा क्रम वर्षानुवर्षे मी लावतो. माझ्या क्रमावर आजवर कोणी रुसलेले नाही.

१९ एप्रिल

नानांना फोन केला. पत्रिकेचे काम त्यांनी सोनलला दिले. प्रवेशाचा विषय काढण्याचे धैर्य झाले नाही.

२२ एप्रिल

सोनलने कपाटातल्या जुन्या पत्रिका टेबलावर मांडल्या आणि आम्हां दोघांना समोर बसवले. "वाचा. मी फक्त तुमचे डोळे बघणार आहे."

दिपमालाने प्रत्येक पत्रिकेत आधी स्वतःचे नाव शोधले, नंतर माहेरची. मग पत्रिका मिटली. "मम्मी, नवरीचं नाव काय होतं?" तिला सांगता येईना! खूप हसलो.

मी मात्र दोन ठिकाणी आडनावे चुकल्याचे दाखवून दिले. सोनल म्हणाली, "सगळे स्वतःचं नाव शोधतात, पप्पा. तुम्ही एकटेच चुका शोधता."

ही स्तुती होती की नाही, ते कळले नाही.

२५ एप्रिल

तिचा पहिला आराखडा पाहिला. मध्ये वधूवरांची नावे, खाली दिवस आणि मंगल कार्यालयाची वाट. बाकी कोरे! तळाशी केवळ 'समस्त बोरसे परिवार'.

मी म्हणालो, नावे हेच निमंत्रण असते. ती म्हणाली, "हे निमंत्रण नाही, हजेरीपट आहे." माझा आवाज चढला. तिचा चढला नाही, हे अधिक लागले.

दिपमाला: "दोघांचंही खरं आहे. म्हणून तर डोकं दुखतंय माझं."

२८ एप्रिल

धुळ्याला जाऊन आलो. सोनलने हट्टाने तोच आराखडा नानांपुढे ठेवला.

नानांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि अहिराणीत विचारले, "बठ्ठी नावं कोठे शेतस? शाई सरनी का रे, सुकदेव?"

सुमनवहिनींना आपल्या भावांची काळजी. म्हणाल्या, "म्हना भाऊसनं नाव नही, मंग त्या मांडवमा काबर येतीन?"

अशा वेळी गप्प बसावे, एवढी अक्कल मला असायला हवी होती. मी नेमका तेव्हाच प्रवेशाचा विषय काढला! नाना हसले. "चित्रं काढाकरता अकरावी? पोर म्हना घर राही, त्यानी ना नही. पण तिले सायन्स घेवाले लाव." आणि लगेच वहिनींना चहा ठेवायला सांगितले. म्हणजे विषय संपला.

मी चहा घेतला. साखर जास्त होती, तेही बोललो नाही.

परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत सोनल खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नाहीत." एरंडोल गेले, पाळधी गेले.

२९ एप्रिल

एकीकडे बापाच्या जागी असलेला भाऊ, दुसरीकडे मुलगी. कार्यालयात माझ्या संमतीवाचून कागद हलत नाही. घरात माझ्या संमतीला कोणी विचारत नाही. दोष कोणाला द्यावा? कोणाचाच नाही. म्हणूनच सुटकाही नाही.

नावांचा क्रम लावून सोनलच्या हाती दिला. "सगळी आली पाहिजेत. याच क्रमाने." ती "बरं" म्हणाली. फक्त "बरं".

३ मे

नवा आराखडा. मला वाटले होते, रागाने काहीतरी उरकले असेल. तसे नाही!

मध्ये वधूवर, आणि भोवती नावांची वर्तुळे – जात्याभोवती पीठ सांडावे तशी. माथ्यावर नाना, तेथून उजवीकडे माझाच क्रम, जसाच्या तसा. वाचायचे तर पत्रिका हातात फिरवावी लागते. आणि ज्याचे नाव सापडते, ते त्या वेळी सर्वांच्या वर असते. कोणी खाली नाही! मी ती कितीतरी वेळ फिरवत बसलो.

आडनावे, वेलांट्या, मामाकुळ सर्व तपासले. निर्दोष. नानांच्या नावाशेजारी थोडी मोकळी जागा सोडली आहे. वडीलकीचा मान म्हणून ती मला योग्यच वाटली.

४ मे

नानांना मोबाईलवर पाठवली. त्यांनी माथ्यावर आपले नाव पाहिले आणि "छापा" म्हणाले.

१३ मे

निकाल लागला. सोनल विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण. पेढे आणण्याआधीच नानांचा फोन: "आते तं सायन्सच!"

तिने पेढा अर्धाच खाल्ला.

२३ मे, धुळे

लग्न लागले. मांडवात जो तो पत्रिका हातात फिरवत होता. म्हाताऱ्या बायका लेकरांना जवळ घेऊन आपापली नावे दाखवत होत्या. एवढ्यात बोदवडहून आलेले वहिनींचे बंधू नवलमामा पंगतीत मोठ्याने म्हणाले, "नाना, तुम्हना शेजारनी जागा रिकामी काबर शे? सुकदेव कोठे गया?"

मी पत्रिका घेतली. फिरवली. पुन्हा फिरवली. माझे नाव नव्हते!

आमच्यात भावाचे नाव नाही, याचा अर्थ एकच होतो – भाऊ तुटला.

नानांनी मला दंडाला धरून मांडवामागे, आचाऱ्यांच्या चुलीपाशी नेले. "तूच क्रम लावस. तूच नाव काढी टाकं? पोरना शिक्षणवरथून भाऊपण तोडस का रे?" डोळ्यांत पाणी होते. धूर होता, पण ते धुराचे नव्हते.

तपासण्यात चूक झाली, हे वाक्य माझ्या ओठांवर होते. चूक माझीच होती आणि ती सांगणे माझे कर्तव्य होते. पण मी मान खाली घातली.

"तिले जे शिकनं ते शिकू दे," नाना म्हणाले. "म्हना घर राही. चित्रं काढी काढी भिंती भरी टाक, सांग तिले." आणि पंगतीत मला हात धरून स्वतःच्या शेजारी बसवले.

२७ मे, धुळे

सोनलची मुलाखत झाली, प्रवेश निश्चित. पत्रिका पाहून परीक्षक बाईंनी विचारले, "ही जागा रिकामी का?" सोनल म्हणाली, "कोरी जागा सगळ्यात आधी दिसते, म्हणून."

बाहेर आल्यावर मी तिच्याकडे पाहिले.

"तिथे तुम्हीच होता, पप्पा. मीच काढलं. मला माहीत होतं – तुम्ही सगळ्यांचं तपासाल, स्वतःचं नाव शोधणार नाही."

नानांना खरे सांगायला हवे. आज संध्याकाळी त्यांच्याच घरी जेवण आहे. सांगणार नाही.

सुकदेव तोताराम बोरसे
धुळे, २७ मे २०२५