डावं मागचं चाक

मंगळवार, ९ जुलै. ओगलाला

मेव्हण्याला घेऊन सहलीला निघू नये. निघालात तर त्याची भेटवस्तू तरी घेऊ नये. मी दोन्ही चुका केल्या. गार्थ आला तो आमच्या ट्रेलरच्या चाकांची हवा दाखवणारं यंत्र घेऊनच. चार चाकांना चार टोपणं, आणि पिकअपमध्ये माझ्या नाकासमोर छोटा पडदा. पडदा नीट दिसावा म्हणून साहेब पुढे बसले. माझी बायको, म्हणजे त्यांची सख्खी बहीण लिनेट, मागे चिप्सच्या पिशव्यांत.

चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय गार्थने. सवय जाते थोडीच.

सकाळी निघताना चारही चाकांत हवा पासष्ट पौंड. दुपारी उजवी दोन्ही सदुसष्ट, डावं पुढचं एकोणसत्तर, डावं मागचं चौऱ्याहत्तर. "ऑरिन, हे सारखे नाहीत," गार्थ म्हणाला.

म्हटलं, "मास्तर, पश्चिमेला चाललोय. ऊन दिवसभर डावीकडून. चाक तापलं की हवा फुगते. मी तीस वर्षं लोकांची छपरं घातलीत, ऊन काय करतं ते मला नका शिकवू."

पडद्यावर डोळे लावून बसला. दहा मैल.

बुधवार, १० जुलै. शायेन

"पण मग मागचंच का?" सकाळपासून चार वेळा. डावं मागचं सत्त्याहत्तरवर गेलं होतं. मी म्हटलं, त्याचा जीव जडलाय तुझ्यावर, तू सारखा बघतोस म्हणून लाजतंय.

संध्याकाळी तळावर शेजारच्या ट्रेलरमधलं जोडपं मक्याची कणसं घेऊन आलं. त्यांना मी गार्थची नक्कल करून दाखवली – चष्मा नाकाच्या टोकावर, बोट पडद्यावर, "सारखे नाहीत, ऑरिन, सारखे नाहीत." शेजारीण हसता हसता खुर्चीतून पडायची बाकी राहिली. गार्थही हसला. लिनेट ताटं उचलताना म्हणाली, "झालं तुझं?"

झालं नव्हतं. मग ट्रकवाल्यांच्या आवाजातली दुसरी नक्कल केली.

गुरुवार, ११ जुलै

आज दिवसभर आकडे सारखे. अडुसष्ट, एकोणसत्तर, अडुसष्ट, अडुसष्ट. मास्तरांचा वर्ग शिस्तीत आला. आता चिडवायला काही उरलं नाही, प्रवास कंटाळवाणा.

पेट्रोल भरताना ट्रेलरच्या मागून बारीक फुस्स ऐकू आलं. लिनेटला म्हटलं, तुझ्या भावाने सुस्कारा सोडला.

शुक्रवार, १२ जुलै. रॉलिन्स

सकाळी मी कॉफी पीत असताना गार्थचा हातपंप चालू. म्हटलं, या वयात व्यायाम चांगला.

रॉलिन्सच्या अलीकडे थांबलो तर लिनेट म्हणाली, काहीतरी जळतंय. मला कान आहेत, नाक तिचं. तिने डाव्या मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. चाकाच्या मधोमध वंगण वितळून धूर निघत होता. पडद्यावर मात्र अडुसष्ट.

रांगत रांगत रॉलिन्सचं गॅरेज गाठलं. गॅरेजवाली बाई तिशीतली, हाताला कोपरापर्यंत काळं. चाक उतरवून बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. निळं पडलेलं, भुगा झालेला. "आणखी दहा मैल गेला असतात तर चाक तुमच्या आधी पोचलं असतं."

मी म्हटलं, उन्हामुळे थोडं तापायचं खरं.

"ऊन पुढचं चाक सोडून मागच्यालाच शोधतं होय, आजोबा?" मग तिने टायर दाबून बघितला. "आणि यातली हवा कोणी सोडली? तापलेल्या टायरची हवा सोडली की तो आणखी तापतो."

गार्थ बुटांकडे बघत होता. "मी. प्रत्येक थांब्यावर थोडी. सकाळी परत भरायचो."

"का पण?" लिनेट ओरडली.

"आकडा सारखा असला की हा बोलत नाही."

शनिवार, १३ जुलै

नवं बेअरिंग संध्याकाळी येणार. गॅरेजच्या बाकावर दिवस गेला. लिनेट माझ्याशी बोलत नाही, गार्थ नको तेवढं बोलतो – हवामान, बेसबॉल, यंत्र परत करता येईल का.

मला माझी पोरं आठवली, छपरावर काम करणारी. संध्याकाळी मी शिडीखाली उभा राहून विचारायचो, कसं झालंय? "पक्कं, बॉस." तीस वर्षांत एकानेही म्हटलं नाही की इथे गळेल. मी सगळीकडे सांगत फिरलो, ऑरिन माणसं बरोबर पारखतो. गळायचं ते गिऱ्हाईकाकडून कळायचं.

बाकावर शेजारी बसून म्हटलं, "गार्थ, तुझं बरोबर होतं." तो म्हणाला, "छे छे, तसं काही नाही." इतक्या घाईने म्हणाला.

रविवार, १४ जुलै

निघायच्या आधी गार्थ चाकांपाशी वाकला होता. मी विचारलं, किती आहेत? त्याने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सगळे सारखे."

मी गुडघे टेकून स्वतः मोजले. नव्हते.