बरी आहे, पण येणार नाही

डोणगाव, ५ जानेवारी २०२५

चि. महामायास आईचा सप्रेम जयभीम.

इकडे सर्व ठीक. फोनवर रोज बोलतोच, पण पत्र लिहिलं नाही तर साक्षरता वर्गात कमावलेली अक्षरं विसरेन, म्हणून तुला हा ताप. तुझे बाबा असते तर माझ्या काना-मात्रा बघून पोट धरून हसले असते.

ताप म्हटल्यावर आठवलं. दुकानात “ताप आहे” असा मेसेज टाकून तू दिवसभर झोपलीस, ते मला आवडलं नाही. रजा हवी तर फोन करून मागावी. अठरा वर्षं मी शाळेत खिचडी शिजवते, एकदाही दांडी नाही. आवाज ऐकला की समोरच्याला खरंखोटं कळतं.

थंडी आहे, स्वेटर घालत जा. लोभ आहेच, उतू जाईल इतका.

तुझी आई,
तानाबाई

मलकापूर, १० जानेवारी

ती. आईस महामायाचा मानाचा जयभीम, वि. वि.

ताप खोटा होता, कान धरते. पण फोनचं सांगू नकोस. फोनवर मालक विचारतात, गोळी घेतलीस का, दुपारून तरी येशील का. आणि माझ्या तोंडून हो निघून जातं. साड्यांच्या घड्या घालत मग मी स्वतःवरच चिडते.

तू तरी काय करतेस? पाय सुजलेला असला तरी मोठ्या सरांचा फोन आला की “हाव सर, येऊन राह्यली” म्हणतेस. मी ऐकलंय. अठरा वर्षांत एकही दिवस तुला नको वाटला नाही? मेसेजमध्ये नाही म्हणता येतं, आई. एकदा करून बघ.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझीच,
महामाया

डोणगाव, २१ जानेवारी

चि. महामायास आईचा जयभीम.

हे फोनवर मुद्दाम सांगितलं नाही, तू धावत आली असतीस.

गेल्या गुरुवारी पहाटे तुझे बाबा स्वप्नात आले. तळ्याच्या पंपावर कामाला असताना सांगायचे तसंच सांगत होते, केशरी बदकं आली, ऊन चढलं की उडतात, एकदा चाल. ते होते तोवर जमलं नाही. बदकांची वेळ तीच माझ्या खिचडीची. जागी झाले तरी स्वप्न काही उतरेना. सरांना फोन लावायला घेतला, पण तोंड “येते” म्हणणार हे माहीत होतं. मग जन्मातला पहिला मेसेज लिहिला: “आज मी येणार नाही. बरी आहे. तळ्यावर बदकं बघायला जाते. खिचडी कोकिळा करेल.” माझ्या जोडीला काम करणाऱ्या कोकिळेच्या हातात किल्ली ठेवली, फोन घरीच ठेवला आणि निघाले.

तळ्यावर धुकं होतं. पाणी कुठे संपतं अन् आभाळ कुठे लागतं, कळेना. त्यातून एकेक केशरी पाखरू दिसायला लागलं आणि वाटलं, तुझे बाबा मागे पंपाजवळ उभेच आहेत. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसले नसते.

तेवढ्यात मोठे सर आणि शाळेतली माणसं मोटारसायकलींवर आली. साक्षरता वर्गाला जाते हे मी शाळेत लाजेपायी सांगितलंच नव्हतं. तानाबाईला लिहिता येत नाही, मग हे लिहिलं कोणी, आणि ती फोन का उचलत नाही, म्हणून सर घाबरले. मी पाण्यात पडले असंच त्यांच्या मनाने घेतलं होतं. मला बघून आधी त्यांचे डोळे भरले, मग ते चिडले.

आता शाळेची समिती म्हणते, मेसेज दुसऱ्याने लिहिला, म्हणजे मी न सांगता गैरहजर, म्हणून काम दुसरीला द्यायचं. शनिवारी सभा आहे. ती चूल सुटली तर माझा दिवस कुठे जाईल ग? फार भीती वाटते.

आईवर लोभ ठेव, ती येडी असली तरी.

तानाबाई

डोणगाव, २६ जानेवारी

चि. महामायास अनेक आशीर्वाद.

काल सभा झाली. अध्यक्षांनी विचारलं, कोणी लिहून दिलं. मी म्हटलं, मीच लिहिलं. दोघंतिघं हसले. सरांनी खडू पुढे केला. अठरा वर्षं मी वर्गाच्या दारापर्यंत बादली घेऊन गेले, फळ्यापर्यंत कधी गेले नव्हते. मी खडू घेतला. तोच मेसेज लिहिला, आणि खिडकीतून पोरं मोठ्याने वाचत गेली. “बदकं” ला तर त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

काम राहिलं. सर एवढंच म्हणाले, तानाबाई, पुढच्या वेळी फोनबी करा, तुमचा आवाज ऐकला म्हणजे आमचा जीव भांड्यात पडते. मी हो म्हटलं. फळा त्यांनी पुसू दिला नाही.

बदकं अजून आहेत. येतेस का? मी रविवारी तळ्यावर जाईन.

वाट बघण्याइतका लोभ असलेली,
आई

मलकापूर, ३० जानेवारी

ती. आईस महामायाचा जयभीम.

तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि साड्यांच्या आड जाऊन रडले.

आमच्याकडे रविवारी गर्दी असते, तरी मालकांना फोन केला. त्यांनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, बरी आहे, पण येणार नाही, आईबरोबर बदकं बघायची आहेत. त्यांनी विचारलं, दुपारून तरी येशील? या वेळी माझ्या तोंडून हो निघालं नाही.

शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येते. रविवारी तू पाण्याकडे तोंड करून बस, मी पंपाजवळ उभी राहते. या वेळी मागे वळून बघ. मी असेन.

तुझीच,
महामाया