कपाळापर्यंत आलेला फोटो

बाबा,

चिठ्ठी मुद्दाम रिसीव्हरलाच बांधली. तो उचलू नका. मी बोथ गावच्या बसला पळाली, तिथल्या शाळेत पहिल्याच तासाला माझा वर्ग आहे.

फोन बंद नाही पडला. त्याच लाइनीवर कॉम्प्युटरचं इंटरनेट चालू आहे आणि एक फोटो येऊन राह्यला. काल दोनदा अर्धा येऊन तुटला, कारण तुमी रिसीव्हर कानाला लावला. सात वर्षं थांबून फोन मिळाला, तरी तुमी दर घंट्याला उचलून पाहता, आवाज आहे का म्हणून. कोणाच्या फोनची वाट पाहता, ते मी विचारत नाही.

या घरात उद्धवदादाचं नाव काढायचं नाही, असं तुमीच सांगितलं. मी काढलं नाही, नुसतं लिहिलं. त्याला मुलगी झाली. फोटो त्यानंच मस्कतहून पाठवला.

फोटो वरून खाली उतरतो, एकेक रेघ. मी निघाली तेव्हा टोपडं आणि कपाळ आलं होतं. कपाळ तुमचंच आहे. नऊपर्यंत हनुवटी यावी. पडदा काळा झाला तर माऊस जरासा हलवा, बटण कोणतंच दाबू नका.

चहा थर्मासमध्ये आहे. खुर्ची कॉम्प्युटरसमोर ठेवली, चष्माही तिथंच आहे.

हनुवटी आमच्या आईसारखी आहे का, ते संध्याकाळी मला सांगा. फोटो पूर्ण आला की मग खुशाल रिसीव्हर उचला. दादाचा नंबर या चिठ्ठीच्या मागं लिहिला आहे.

चारुशीला