खंडेनवमीचं बूच

पालम,
१२ नोव्हेंबर

शिवप्रकाश दाजींना वीरुपाक्षचा शरणार्थ.

इकडं सगळे ठीक. आईचे गुडघे दुखायलेत, तरी कापूस वेचायला जायचंच म्हणते. ईश्वरी बरी हाय ना? तुमी दोघं जिंतूरला गेल्यापासून घर खायला उठतंय.

पाण्यात अन् रस्त्यावर दोन्हीकडं चालणारी आपली आठ चाकी एकदाची चालू केली. पुराचा गाळ पार इंजिनात शिरला होता. ऑइल तीनदा बदललं, कार्बोरेटर धुतला, चाकांच्या साखळ्या काढून डिझेलमध्ये बुडवल्या, ग्रीस भरलं. आता एका झटक्यात उठते. तरी मी रोज जाऊन साखळीचा ताण बघतो, कालचेच नट परत आवळतो. बायको म्हणाली, "अवो, त्या गाडीला जरा दम तर खाऊ द्या!"

सोमवारी पूरपथकाची बैठक हाय. गाडी दुसऱ्या ड्रायव्हरला द्यायची म्हणायलेत. गावात अजून तेच चाललंय, शिवप्रकाश पिऊन होता म्हणून गाडी गोदावरीत बुडाली. पुरात अडकलेल्या दगडाबाईला खांद्यावर घेऊन तुमी तीन तास बाभळीला धरून राहिलात, ते कुणी बोलत न्हाई. ईश्वरीनं फोनवर मला विचारलं, "दादा, खरंच पिले होते का हे?" मी म्हणलं, "मला काय माहीत?"

दाजी, मला माहीत हाय.

खंडेनवमीला पाने-हातोड्यांसोबत गाडीचीबी पूजा केली. गाडी धुतल्याचं पाणी निघून जावं म्हणून तळाचं बूच काढलं होतं. पितळेचं, चकचकीत. तेबी पाटावर मांडून हळदकुंकू लावलं. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं न्हाई, ही आपली रीत. अन् दुपारीच पुराचं बोलावणं आलं. तुमी गाडीवर बसता बसता विचारलं, "बूच लावलं का?" मी पेट्रोल ओतत होतो. मान वर न करता म्हणलं, "लावलंय की, निघा!"

संध्याकाळी घरी आलो तर बूच पाटावरच. खिळ्यांच्या डब्यात लपवलं मी ते. तुमाला तर गाडीत पाणी भरतानाच कळलं असंल. तरी पथकापुढं माझं नाव घेतलं न्हाई. का घेतलं न्हाई, दाजी? चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी या. सगळ्यांपुढं सांगायचं ठरवलंय. पण माझा मलाच भरवसा न्हाई, ऐन वेळी दातखीळ बसंल. म्हणून बूच पत्रासोबत पाठवतोय. कुंकू अजून हाय त्याला, पुसू नका. मी गप बसलो तर टेबलावर ठेवा.

अन् हे पत्र आधी ईश्वरीला वाचून दाखवा. तिला म्हणावं, दाजींनी त्या दिवशी पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नव्हतं.

"लावलंय की" म्हणणारा तुमचा मेहुणा,
वीरुपाक्ष