तिसरा रकाना

२ नोव्हेंबर

आज दुपारी ताईच्या घरी येऊन पोहोचले. तिने मला वरची खोली दिली आहे: पूर्वेला खिडकी, खिडकीशी टेबल, कोपऱ्यात लोखंडी कॉट आणि खाली उतरणारा सतरा पायऱ्यांचा जिना. ट्रंक चढवताना पायऱ्या आपोआप मोजल्या गेल्या! अकरा वर्षे मी संगणक-दुरुस्तीच्या वर्गाला शिकवले. संस्था बंद पडताच ताईचा फोन आला, की आता काय भिंतींची शिकवणी घेणार आहेस, गुपचूप निघून ये इकडे. आपल्याला इतक्या हक्काने बोलावणारे कोणी आहे, या आनंदात प्रवास कसा सरला ते कळले नाही.

टेबलावर एक जुना संगणक आधीच मांडून ठेवला आहे. भाचीसाठी महिन्यापूर्वी सेकंडहँड घेतलेला. सुरू व्हायला युगे लावतो आणि सुरू झाला की हँग होतो. ताई उंबऱ्यातूनच म्हणाली, की बाई, तुझ्या हाताला गुण आहे, तूच काय ते बघ.

भाची बारा वर्षांची आहे. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून मीच तिचे नाव भिंगरी ठेवले होते. आता मात्र ती शांत झाली आहे. शाळेविषयी विचारले, तर पुष्कळ वेळ माझ्याकडे नुसती पाहत राहिली आणि मग उत्तर अगदी नीट दिले. या वयात पोरी अशाच होतात, असे ताईचे म्हणणे.

३ नोव्हेंबर

कामाला आरंभ केला. आजारी यंत्राला एका वेळी एकच औषध द्यावे, हा माझा पहिला नियम. आधी मोजावे, एकच बदल करावा, पुन्हा मोजावे आणि तत्क्षणी लिहून ठेवावे. ताईचे शिवणयंत्र सारखे दोरा तोडायचे, तेव्हा हीच पद्धत मी तिला फोनवर शिकवली होती. बाईंचा तास सुरू झाला, असे चिडवायची. पण वहीत रकाने आखायची!

बटण दाबल्यापासून संगणक तयार होईपर्यंत २४० सेकंद लागले. कॅबिनेटचे चार स्क्रू काढले. आत धुळीचा जाड थर होता, पण गंमत अशी, की अर्धा भाग कोणीतरी आधीच पुसलेला होता. आरंभ करून अर्ध्यातच सोडून दिल्यासारखा. ताईला विचारले, म्हणाली, छे, कोणी हात लावलेला नाही.

पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढली. पुन्हा मोजले: २००. रात्री जेवताना भिंगरीने आपण होऊन शाळेतली एक फजिती सांगितली. ताईच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या येण्याने घर हसले, असे मला वाटले.

४ नोव्हेंबर

रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोके साध्या खोडरबराने पुसली. किती सोपा उपाय! १५० सेकंद. भिंगरी कॉटवर बसून पाहत होती. तिने इतके प्रश्न विचारले, की मला माझे उत्तम विद्यार्थी आठवले. स्क्रू-ड्रायव्हर मागत होती. मी म्हटले, आधी पाहून शीक.

चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आलेली ताई सांगत होती, की तिने मला तीन हाका मारल्या. मला एकच ऐकू आली. कपातल्या चहावर साय धरली होती. कामात बुडाले की माझे असे होते.

ताई हल्ली मोबाईल हातात धरूनच बोलते.

६ नोव्हेंबर

हार्ड डिस्कची सैल केबल बदलली, डिस्कवरचे निकामी भाग बाजूला टाकले. ६० सेकंद! प्रोसेसरला थंड ठेवणारी पेस्ट वाळली आहे, ती बदलली की काम पूर्ण.

आनंद व्हायला हवा होता. पण सकाळी केसांतून कंगवा फिरवायला घेतला तेव्हा ऊन टेबलावर होते, आणि कंगवा खाली आला तेव्हा ते जमिनीवर होते. मध्ये काय झाले, सांगता येत नाही. झोप नव्हती. काहीच नव्हते.

खाली भिंगरी दोन-दोन पायऱ्या एकदम उतरते आहे. धडधड ऐकू येते.

ताईला म्हटले, कॅबिनेट जरा धरतेस का? तर ती तापल्या तव्याला हात लागावा तशी मागे सरली. मग ध्यानात आले: मी आल्यापासून तिने या खोलीचा उंबरा एकदाही ओलांडलेला नाही.

७ नोव्हेंबर

कात्री शोधायला स्वयंपाकघरातले कपाट उघडले. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. ताईचे अक्षर. रेघा पट्टीने आखलेल्या. मी शिकवल्याप्रमाणेच.

पहिल्या ओळीत, ऑक्टोबरची तारीख: भिंगरीने झाकण उघडले, अर्धी धूळ पुसली. मशीन २४०, भिंगरी ६०. भिंगरीचे साठ सेकंद म्हणजे प्रश्नापासून उत्तरापर्यंतचे. त्याखाली पंधरवड्याच्या नोंदी, सगळ्या त्याच.

मग २ नोव्हेंबर. तिसरा रकाना. त्यावर लिहिले आहे: बहीण.

२४०, ६०, ०.
२००, ४५, ५५.
१५०, ३०, १२०.
६०, १०, २३०.

मी बेरीज केली. प्रत्येक ओळीची. तीनशे. तीनशे. तीनशे. तीनशे.

मंदपणा दुरुस्त होत नव्हता. तो माझ्याकडे येत होता.

८ नोव्हेंबर

ताईला विचारले. माझा प्रश्न पुरा होईपर्यंत ती थांबली, आणि सवयीने तिची नजर मोबाईलच्या घड्याळाकडे गेली.

नाकबूल केले नाही. संगणक विकणाऱ्याकडे ती परत गेली होती. त्याने सांगितले, की आत शेवटचा हात घालील त्याच्याकडे सगळे जाते, आधीचा सुटतो. दुसरा उपाय नाही. मग स्वतः का नाही घातलास हात? म्हणाली, मी अशी बसले तर पोरीला वाढवणार कोण. तू एकटी आहेस ग. तुझ्यावाचून कोणाचे अडते?

अकरा वर्षांचे विद्यार्थी आठवले. एकाचेही नाव तोंडावर येईना.

ताई, तू विचारले असतेस तर मी हो म्हटले असते. भिंगरीसाठी लगेच हो म्हटले असते. हे वाक्य तिला ऐकवायचे होते. बोलून झाले तेव्हा समोर कोणी नव्हते आणि खाली भांडी घासण्याचा आवाज —

९ नोव्हेंबर

भिंगरीचे दहा सेकंद उरले आहेत. पेस्ट बदलायची. शेवटची पायरी. मी करीन. ताईसाठी नव्हे —

स्क्रू-ड्रायव्हर उचलायला हात पुढे केला. सकाळी. अजून पुढेच —

तिसरा प्रहर. ताई बाजारात. भिंगरी वर आली आहे. म्हणते, मावशी, हे मशीन तुला दमवते, उरलेले मी करते. एका वेळी एकच बदल, हो ना?

स्क्रू-ड्रायव्हर तिच्या हातात.

तिने आत हात घातला तर तीनशे. सगळेच्या सगळे तिच्याकडे —

ओरडायला तोंड उघडले तेव्हा पहिला स्क्रू. आता दुसरा टेबलावर. आवाज निघत नाही. पेन्सिल चालते. मध्येच —

तिसरा.

हसून बघते आहे माझ्याकडे. शाबासकी हवी आहे.

वही वर धरीन. एकच शब्द, मोठ्या अक्षरात. वाचेल ती —

चौथा

न